डोळ्यांत गोगलगायीचं पाणी

आमच्याकडे बाहेरगावचा पाहुणा आला की हमखास म्हणायचा, "पोट्टी मोठी गुनाची हाये हो. मान वर करून बोलत नाई." तेव्हा गावातलं कोणी बसलेलं असलं तर ते गालातल्या गालात हसायचं. माझी मान वर का होत नाही ते गावाला चांगलं ठाऊक होतं. माझे डोळे घारे होते. बाचे काळे, मायचे काळे, दोन्ही थोरल्या भावांचे काळेभोर, आणि माझे मात्र मांजरीसारखे, पिवळट-हिरवे.

घारे असले तर असले, त्यात काय एवढं, असं आता कोणीही म्हणेल. माझ्या सुनेला तर ते इतके आवडतात, की घरात बाळ जन्मलं की ती पाळण्यात वाकून आधी डोळे बघते. पण तेव्हाची गोष्ट निराळी होती. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी जमिनीची मोजणी करायला एक गोरा साहेब आला होता आणि गावाबाहेरच्या आमराईत त्याचे तंबू पडले होते. त्या डेऱ्यावर आमच्या घरून दूध जायचं. बा घेऊन जायचा. त्याला हिवताप भरला तेव्हा त्यानंच मायला पाठवलं. ताप उतरेपर्यंत तिनं दूध पोचवलं, तेही बाहेरच्या बाहेर खानसाम्याच्या हाती देऊन ती मागे फिरायची. एवढंच झालं होतं. पण मी जन्मले, डोळे उघडले, आणि गावानं दोन गोष्टींची गाठ मारून टाकली.

तोंडावर कोणी काही बोलत नसे. बोललं असतं तर माय भांडली तरी असती, ती काही कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण विहिरीवर मी मायच्या मागं गेले की एखादी बाई हळूच म्हणायची, "सरका वं, साहेबीन आली." आणि मग मायची घागर भरून होईपर्यंत सगळ्या गप्प. त्या गप्प राहण्यानं माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. मी जमिनीकडे बघायला शिकले ते तिथं. माझ्या डोळ्यांकडे कोणी पाहिलं की त्याला माय दिसते, आणि काहीतरी घाण दिसते, एवढं मला कळत होतं. ती घाण काय ते कळायला थोडी वर्षं लागली. लाज मात्र आधीच येऊन बसली होती.

आणि बा? बा काहीच करत नसे. तो रागावला नाही, त्यानं मायला मारलं नाही, टाकून दिलं नाही. त्यापायी लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. एवढं पोटात घालून बायकोला नांदवतो, दुसरा असता तर केव्हाच माहेरी नेऊन घातली असती, असं माझ्यादेखत बोलायचे. माय हे ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. एकदा मी चुलीपाशी होते तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुमी एकदा तरी चारचौघात बोला न, का पोट्टी माही हाये म्हनून."

"लोकाइचं तोंड कोन धरते?" बा म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

मी बारा-तेराची झाले तेव्हा मानोऱ्याकडच्या एका घराकडून मला पाहायला येतो असा निरोप आला. चांगलं कास्तकाराचं घर होतं. निरोप आला त्याच आठवड्यात धनजहून आत्या आली. ही बाची थोरली बहीण. बोलण्यात तिला कोणी हरवत नसे आणि आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. तिच्याही दोन पोरी लग्नाच्या होत्या. तिनं आल्या आल्या माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे फिरवलं.

"असे डोये दाखवशीन तं ते लोक पायरीवरूनच माघारी जातीन," ती म्हणाली. "मंग बोलतीन ते तुह्या मायच्या नावानं, अन् सगया मुलखात बोलतीन. वैनी, काई उपाय कर इचा."

आता गावापुरतं असलेलं बोलणं गावाबाहेर जाणार, हे मायच्या लक्षात आलं. मला पसंत करतात की नाही याची तिला तेवढी काळजी नव्हती. माझे डोळे बघून ते परके लोक तिच्याबद्दल काय समजतील, याची होती. मला वाटतं, त्या दिवसापासून तिची झोपच उडाली.

उपाय आत्यानंच काढला. मंगरूळपीरची एक बांगड्यावाली चाची आमच्या भागात फिरायची. डोळे आले, लाल झाले, की नदीतली गोगलगाय रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी सकाळी डोळ्यांत घालावं, असं ती सांगायची, आणि आमच्याकडे ते सगळेच करायचे. लाल डोळे उतरतात, मग पिवळे काहून नाही उतरणार, असं आत्याचं म्हणणं. फक्त तिनं त्यात आपली एक भर घातली. "कायीच आनजो गोगलगाय. कायीचं पानी घातलं तं डोया काया होईन. पिवयी नको, पट्ट्यावाली नको."

तेव्हा मी रोज अडाण नदीवर जाऊ लागले. डोहाच्या काठाला, जिथं म्हशी बसायच्या तिथल्या चिखलात आणि गोट्यांच्या बुडाशी गोगलगाई चिकटलेल्या असायच्या. पाठीवर वळणावळणाचा शंख, दाराला लहानसं झाकण, हात लावला की झाकण लावून आत. लहानपणापासून पाहत आले होते, पण काळी पाहिजे म्हणून निवडायला बसले तेव्हा कळलं, की दोन एकसारख्या मिळणं कठीण. एक काळपट, एक हिरवी, एक मधाच्या रंगाची. एकीच्या अंगावर बारीक काळे पट्टे, दुसरीवर रुंद, तिसरीवर पट्टाच नाही. डोहातल्या गोल आणि गलेलठ्ठ, धारेतल्या उभट, शेंडा झिजून पांढरा पडलेल्या. एका गोट्याखाली हे सगळे नमुने एकत्र बसलेले असायचे, आणि त्यांना त्याचं काहीही नव्हतं. मी एकेक उचलून पाहायची आणि पिवळी असली की परत पाण्यात टाकायची. पिवळी टाकताना मला कसंतरीच व्हायचं. तिनं काय केलं होतं?

माय त्या काळ्या गोगलगाई मातीच्या गाडग्यात ठेवायची. सकाळी फडक्यानं पाणी गाळून, माझं डोकं मांडीवर घेऊन, बोटानं थेंब सोडायची. पाण्याला चिखलाचा वास यायचा आणि ते झोंबायचं. मी रडले तर म्हणायची, "सोस थोडं. माह्यासाठी सोस." मी तिच्यासाठी सोसत होतेच. रोज सकाळी ती मला दारात नेऊन डोळ्यांत बघायची, आणि मी तिच्या तोंडाकडे बघायची, काही काळं झालं का ते तिथं वाचायला. काळं काही झालं नाही. चांगले निरोगी होते ते डोळे मात्र सुजून लाल झाले. चाची एकदा दारावर आली, तिनं मला बघितलं आणि मायला म्हणाली, "अगं बाई, हे दुखत्या डोळ्याचं औषध. इचे डोळे तं अल्लानंच असे देल्ले. कायले जाळून राह्यली?" मायनं बांगड्याही भरल्या नाहीत त्या दिवशी.

पिल्लांचं प्रकरण त्यानंतरचं. एका सकाळी गाडग्यात मोहरीपेक्षा जरा मोठी, काचेसारखी पिल्लं रांगत होती. गोगलगाय अंडी घालते असंच आम्ही समजत होतो, कारण पावसाळ्यात बांधावर दिसते ती घालते. ही नदीतली मात्र जिवंत पिल्लं देते, पाठीवर शंखासकट. माय खाली बसून बघत राहिली. बघता बघता ती पुटपुटली, "अवं, हे पाह्य. हे पिवयं हाये."

गाडग्यात सगळ्या काळ्याच होत्या, मीच निवडून आणल्या होत्या. आणि पिल्लांत काही काळपट, काही स्वच्छ पिवळी, एकदोघांच्या शंखावर दोऱ्यासारखे पट्टे. पण कोणतं पिल्लू कोणाचं ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हा मायनं काय केलं, तर सगळ्यांत काळी आणि फुगलेली गोगलगाय उचलली, मातीच्या पसरट परळात ताजं पाणी घालून त्यात ती एकटी ठेवली आणि वर सूप झाकलं. दिवसातून कितीदा तरी सूप उचलून बघायची. वावरातून आली की आधी परळ, मग हातपाय. भाऊ हसायचे तिला. मला हसू येत नव्हतं. ती काय शोधते आहे ते मला कळत होतं आणि कळल्यानं जास्तच लाज वाटत होती.

काही दिवसांनी त्या एकटीनं पिल्लं दिली. त्यांतही तोच प्रकार. आई डांबरासारखी काळी, आणि तिच्या शेजारी पिवळी पोरं, पट्ट्यांची पोरं, तिच्यासारखी काळीही पोरं. आता शाळेत शिकवतात म्हणे, की आज्या-पणज्यांचं रूप मधल्या पिढ्यांत दडून राहतं आणि मग अचानक एखाद्या लेकरात वर येतं. मायला हे कोण सांगणार होतं? तिला एवढंच दिसलं, की एका पोटातून वेगवेगळ्या रंगाची लेकरं निघतात आणि त्यात आईचा काही दोष नसतो. तिच्या तोंडावर मी कितीतरी दिवसांनी उजेड पाहिला.

दुपारी अंगणात आत्या होती, शेजारच्या दोन बाया शेवया करायला आलेल्या होत्या, बा ओसरीवर दोर वळत होता. माय परळ घेऊन बाहेर आली आणि तिनं तो सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"पाहा," ती म्हणाली. "माय कायी हाये, अन् पोट्टे पाहा. हे पिवयं, हे पट्ट्याचं. एकाच मायचे हायेत, मी सोता वेगयी ठेवली व्हती तिले. मंग मानसात काहून नाई होनार?"

बाया वाकून बघू लागल्या. एक म्हणालीसुद्धा, "खरंच वं." आत्यानं मात्र शेवयांचा हात थांबवला नाही.

"माय एकच हाये, हे तं आमी बी कदी नाई म्हटलं नाई, वैनी," ती म्हणाली. "याहीचा बाप दाखव."

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकीनं तोंडाला पदर लावला, आणि मग दोघीही हसल्या. खदाखदा नव्हे, दबून हसल्या, ते जास्त लागलं. माय परळापाशी तशीच उकिडवी बसून राहिली. तिनं इतक्या दिवसांच्या खटपटीनं जे सिद्ध केलं होतं, ते कोणी विचारलंच नव्हतं. मला त्या वेळी तिची लाज वाटली. तिच्या भोळेपणाची, तिच्या त्या परळाची, तिनं आपलं दुःख बायांच्या मधोमध आणून ठेवल्याची. आणि त्याहून माझी. कारण त्या परळात नसलेला बाप माझ्या तोंडावर दोन डोळे होऊन बसला आहे, असं सगळे समजत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तेव्हा मला खरोखर वाटलं होतं.

मी बाकडे बघितलं. तो दोर सोडून उठून आला होता आणि परळात बघत उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. आत्यानं त्याच्याकडे एकदा नजर टाकली.

"फेकून द्या ते," बा म्हणाला. "वास येऊन राह्यला."

मंडळी पाहायला आली तेव्हा डोळ्यांची सूज उतरली होती, रंग होता तोच होता. आत्यानं मला बजावून ठेवलं होतं, की काही झालं तरी वर बघायचं नाही. मला ते सांगायची गरजच नव्हती. मी पानसुपारीचं तबक ठेवलं आणि खाली बघत बसले. मुलाचा बाप होता, काका होता, आणि त्यांच्या घरातलं एक फार म्हातारं माणूस होतं, मुलाचे चुलत पणजोबा. त्यांना उठता-बसताना धरावं लागायचं, पण आवाज खणखणीत होता. माय दाराआड उभी होती. तिच्या बांगड्यांचा बारीक आवाज येत होता.

"पोरी, वर पाह्य," म्हातारे म्हणाले.

मी बघितलं नाही. आत्या पुढे होऊन म्हणाली, "लाजते हो ती." त्यावर म्हातारे म्हणाले, "लाजू दे. पन एकदा पाह्य माह्याकडं." तेव्हा नाइलाज झाला. मी वर बघितलं, आणि आता उठतील, आता जातील, असं मनात म्हणत बसले. दाराआडच्या बांगड्या थांबल्या.

म्हाताऱ्यांनी माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं. मग बाकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं मूळ गाव कोनतं?"

"हेच जी," बा म्हणाला.

"नाई. याच्या आधीचं. पैनगंगेकाठी नव्हते तुमी?"

बानं मान हलवली की नाही, मला दिसलं नाही. म्हातारे आपल्याच नादात बोलत राहिले. "मंग बरोबर. हे तुमच्या आजीचे डोये हायेत. मी लहान व्हतो, आमचं वावर तुमच्या वावराला लागून. अस्सेच डोये, त्या माउलीचे. गाव तिले वाईट नजरेची म्हने. कोनाची म्हैस आटली, कोनाचं लेकरू आजारी पडलं, का तिच्या दारावर गोटे. शेवटी तुमचे लोक रातोरात गाव सोडून गेले. मले तं तिनं किती वेळा ताक पाजलं, मी कोठी मेलो?" आणि ते हसले. "नव्वदीला टेकलो."

बाकीचे काय बोलले ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. ते लग्न जमलं, म्हाताऱ्यांनीच जमवलं, आणि माझी सारी हयात त्या घरात बरी गेली. पण त्या दिवशी मला नवरामुलगा, लग्न, काही दिसत नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. तिला माहीत होतं. आजी तिचीही होती. लग्नाच्या पोरी तिच्याही घरात होत्या, आणि वाईट नजरेचं रक्त त्यांच्यात आहे हे कोणाला कळण्यापेक्षा भावजयीच्या नावावर साहेब चिकटलेला तिला चालत होता. अंगणातला तो टोमणा तिच्या जिभेवर आपोआप आलेला नव्हता.

आणि बा. ती आजी आमच्या गावी यायच्या आधीच वारली होती, म्हणून इथं कोणी तिचे डोळे पाहिलेले नव्हते; पण बा तिच्या मांडीवर खेळलेला होता.

पाहुणे गेले, आत्या डोकं दुखतं म्हणून लवकर पडून राहिली. दिवेलागणीला बा जेवायला बसला. माय वाढत होती, मी चुलीपाशी होते. तिनं त्याला भाकरी वाढली, वरण वाढलं, मिठाची चिमूट ठेवली, सगळं रोजच्यासारखं. मग समोर बसली.

"तुमाले माईत व्हतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

बा घास चावत राहिला. मग म्हणाला, "पोट्टी जन्मली तवाच समजलं. पन माह्या बानं शपथ घातली व्हती आमाले. म्हने, हे घराच्या भायेर जाऊ देऊ नका. नाईतं आपल्या घरात पोरी कोन देईन, पोरी कोन नेईन?"

"घराच्या भायेर?" माय म्हणाली.

"हो."

"अन् मी कोठी व्हती?"

बा मान खाली घालून बसला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. तोपर्यंत लाज वाटायची ती माझ्या डोळ्यांची, मायच्या नावाची, गावात होणाऱ्या बोलण्याची. बाची कधी वाटली नव्हती. तो देवमाणूस होता ना. आता चुलीपुढं बसून मला त्याची इतकी लाज वाटली, की मी लाकडं उगाच आत-बाहेर करत राहिले.

मायनं हात पुढे केला आणि त्याच्या पुढचं ताट उचललं. त्यात अर्धी भाकर होती, कालवलेलं वरण होतं. बाचा हात तसाच राहिला. मग त्यानं तांब्या ओढून हात धुतला.